दस्तगीरचाचा आणि नव्या पुंगळ्या

दस्तगीरचाचांचं मी ऐकलेलं पहिलं वाक्य माझ्याशी बोललेलं नव्हतं. ते एका पुंगळीशी बोलत होते. "तू कुणाला फसवतीस गं?" असं तिला विचारून त्यांनी ती उजव्या हाताच्या डब्यात टाकली आणि दुसरी उचलली.

पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी कवच. सत्तर सालानंतरचे ते दिवस. मी कोल्हापुरात मुलींच्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत होते. कॉलेजात एनसीसीत असताना रायफल चालवली होती, ती खुमखुमी नोकरी लागली तरी गेली नव्हती. आमच्या गल्लीतले डॉक्टर नेमबाजीच्या क्लबाचे चिटणीस होते. एका रविवारी ते मला घेऊन गेले. क्लब म्हणजे गडमुडशिंगीच्या अलीकडे माळावर पत्र्याची एक शेड, समोर मातीचा उंच बांध आणि बांधापुढे लाकडी चौकटीत लावलेली कागदी निशाणं. शेडच्या दाराशी, जिथं ऊन सरळ आत येतं तिथं, पांढऱ्या धोतराचा तुकडा अंथरून हे गृहस्थ मांडी घालून बसले होते. समोर शंभर नव्याकोऱ्या पुंगळ्यांचा ढीग होता.

तयार काडतुसं त्या काळी परवान्यावर मोजकीच मिळायची. ती सरावात उडवली तर स्पर्धेला काय न्यायचं? म्हणून क्लबानं रीतसर परवानगी काढून काडतुसं इथंच भरायची सोय केली होती. पुंगळीच्या बुडात ठिणगी पाडणारी टोपी बसवायची, पोटात दारू घालायची, तोंडाशी शिशाची गोळी. उडवून झाली की पुंगळी वेचून आणायची आणि पुन्हा भरायची. भरणारा माणूस एकच, दस्तगीर शिकलगार. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगानं शिडशिडीत, वर तिन्ही ऋतूंत एकच खाकी कोट. कोटाच्या खिशात बुटाच्या नाडीनं बांधलेलं एक भिंग. तरुणपणी ते वडिलांच्या हाताखाली दरबारच्या हत्यारखान्यात बंदुका पुसत. संस्थानं गेल्यावर उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या एका कारखान्यात फिटर झाले. सहा दिवस इंजिनं आणि रविवारी आम्ही.

मी नवखी, त्यातून शिक्षिका. विचारल्याशिवाय राहवेना. म्हटलं, "चाचा, ह्या तर नव्या आहेत. पेटीचा कागद आत्ता तुम्हीच फाडलात. नव्यात काय निवडायचं?"

त्यांनी मान वर केली. समोरचा एक दात नव्हता, त्यामुळे हसले की भलतेच मिस्कील दिसत.

"बाई, नवं म्हंजे काय? नवं म्हंजे नुसतं न वापरल्यालं. चांगलं का वाईट ते अजून कुणाला ठावं न्हाय, एवढाच त्याचा अर्थ. नवा जावई बी नवाच असतोय की!"

मग त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. आधी काचेच्या तुकड्यावर पुंगळी गडगडवायची. सरळ असेल तर पाण्यासारखी जाते, वाकडी असेल तर लंगडते. मग उलटी धरून आभाळाकडे बघायचं. बुडात टोपीची ठिणगी आत जायला एक बारीक छिद्र असतं, ते बरोबर मध्ये पाहिजे. कडेला सरकलेलं असेल तर दारू एकीकडून पेटते. मग तोंडाच्या काठावरून अंगठ्याचं नख फिरवायचं. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ लागली तर ती बाद, कारण पातळ बाजू आधी फुटणार. मग सराफी काट्यावर एकीसमोर एक अशी तोलायची. आणि शेवटी दोन बोटांत अलगद धरून लोखंडी ऐरणीवर टिचकी द्यायची आणि कान लावायचा.

"बाजारात मडकं घेताना काय करता तुमी?"

"वाजवून बघते."

"मग! मडक्यात तर नुसतं पाणी ठेवायचं असतंय."

त्या दिवशी शंभरांतल्या अकरा पुंगळ्या उजव्या डब्यात गेल्या. डॉक्टर वैतागले. "चाचा, विलायती माल आहे हा. तिथं यंत्रावर होतं सगळं."

"असंल की साहेब. पर यंत्राफुडं माणूस हाय, आनि विलायतंत बी सुट्टीनंतरचा सोमवार असतोय. ह्या अकरा सोमवारी केल्यात."

तेव्हापासून क्लबात 'सोमवारचा माल' हा शब्दच रूढ झाला. एखाद्याचा नेम सारखा चुकायला लागला की लोक त्याला विचारायचे, "आज सोमवारचा हायेस काय रं?"

टिचकी मारून ऐकायची सवय मात्र चाचांना क्लबाच्या शेडपुरती ठेवता आली नाही. चहाच्या टपरीवर कप हातात आला की आधी त्याला नख लागायचं. त्यांच्या घरी गेलं की अमिनाचाची त्याच तक्रारी सांगायच्या. त्यातली गडहिंग्लजची गोष्ट मी निदान पाच वेळा ऐकली असेन, आणि दर वेळी चाची ती तितक्याच संतापानं सांगायच्या.

थोरल्या जुबेदासाठी स्थळ बघायला ही मंडळी गडहिंग्लजला गेली होती. घर खाऊनपिऊन सुखी, मुलगा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. पाहुण्यांना पितळी पेल्यांतून सरबत आलं. सगळ्यांनी प्यायलं. चाचांनीही प्यायलं, आणि मग रिकामा पेला उलटा करून बूड बघितलं, काठावरून नख फिरवलं आणि वर टिचकी मारून डोळे मिटून ऐकलं.

मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला. "का वो पावणं? आमच्या घरातली भांडी पारखाय आलाय व्हय?"

"इतकी लाज वाटली मला," चाची सांगायच्या, "की जमीन फाटून आत घेईल तर बरं. मी कोपरानं ढोसते, ढोसते, ह्यांचं ध्यानच न्हाय!"

तेवढ्यात दारात उभा असलेला नवरामुलगा पुढे आला. त्यानं पेला हातात घेऊन विचारलं, "काय दिसलं, मामा?"

"काठाला चीर हाय. केसाएवढी. अजून दिसत न्हाय, पर बोलाय लागली हाय."

मुलानं स्वतः टिचकी मारली. मग दुसऱ्या पेल्यावर मारली. पुन्हा पहिल्यावर. मग म्हणाला, "व्हय की वो! आमच्याकडं बेरिंग गेलं की असंच व्हतंय. दिसायच्या आधी ऐकू येतंय." त्यानंतर सासरा आणि जावई दोन तास बेरिंगं, पितळ आणि कांस्य यांवर बोलत बसले. जुबेदाबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही. परत येताना एसटीत चाचांनी जाहीर केलं, "पोरगा चांगला हाय." चाचींनी विचारलं, "कशावरून? त्याला काय विचारलंत तरी?" तर म्हणाले, "त्यानं मला विचारलं की!" लग्न झालं. जुबेदा सुखात नांदली. चाचींचा राग मात्र गेला नाही.

असा माणूस चुकत नसेल असं वाटेल. पण चाचा चुकले, आणि ते मला फार जवळून पाहायला मिळालं.

क्लबात आम्ही रिव्हॉल्वर चालवायचो. भरलेलं काडतूस तिच्या घरात नीट बसतं की नाही ते बघायला त्यांनी स्वतःच्या हातानं पोलादाची एक कडी बनवली होती. प्रत्येक काडतूस त्या कडीतून पार गेलं तरच पेटीत. एका रविवारी सरावात माझ्या रिव्हॉल्वरच्या चकतीत एक काडतूस अर्ध्यावर जाऊन रुतलं. आत जाईना आणि बाहेरही येईना. धोका काही नव्हता. डॉक्टरांनी लाकडाच्या काडीनं हळूच ढकलून काढलं, सराव पुढे सुरू झाला आणि बाकीचे ते विसरूनही गेले. चाचा त्या दिवशी एका लग्नाला गेले होते.

मंगळवारी शाळेत माझा कवायतीचा तास चालू होता. साठ मुली मैदानावर हात वर करून उभ्या होत्या. फाटकातून खाकी कोट आत येताना दिसला. सायकल भिंतीला टेकवून चाचा सरळ मैदानाच्या मध्यापर्यंत आले. डॉक्टरांकडून कळल्यावर कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आले होते.

"बाई, चूक माझी हाय," ते म्हणाले. आवाज हळू काढणं त्यांना कधी जमलंच नाही. साठच्या साठ मुलींनी ऐकलं.

"कसली चूक, चाचा?"

त्यांनी खिशातून ती कडी काढली. "पंधरा वर्सं झाली हिला. काडतुसं घासून घासून आतनं मोठी झालीया. पुंगळी तपासत होतो, कडी तपासायची ऱ्हायली. तुमच्या हातात हत्यार अडकलं, ते माझ्यापायी."

मी म्हटलं, "अहो, एवढ्यासाठी इतक्या लांब आलात? रविवारी सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"रविवारपतोर तुमी मनात म्हणला असता, की माझाच हात चुकला. ते मला चालणार न्हाय."

खरं सांगायचं तर मी तसंच समजत होते. दोन दिवस मनातल्या मनात स्वतःलाच बोल लावत होते. हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. ते गेल्यावर पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, हे तुमचे कोण?" मी म्हटलं, "हात खाली घ्या आता."

नंतर कळलं की त्यांनी ती कडी पंचिंगच्या यंत्राखाली घालून सपाट करून टाकली आणि नवी बनवली. नव्या कडीबरोबर ती कडी तपासायला आणखी एक.

क्लबाची कसोटी लागली ती पुण्याच्या स्पर्धेच्या वेळी.

आमचे अध्यक्ष आप्पासाहेब कागलच्या बाजूचे मोठे बागायतदार होते. दिलदार माणूस, पण आपण दिलेल्या वस्तूचं कौतुक झालंच पाहिजे, असा त्यांचा बाणा. उन्हाळ्यात त्यांनी मुंबईच्या ओळखीतून रीतसर कागदपत्रं करून बत्तीस बोअरच्या पाचशे पुंगळ्या मागवल्या आणि स्पर्धेला तीन आठवडे राहिले असताना क्लबाला भेट दिल्या. नारळ फुटला. चिवडा आणि चहा झाला. पेट्या उघडल्यावर सोन्यासारखा माल झळकला. एवढ्या पुंगळ्या क्लबानं एका वेळी कधी पाहिल्या नव्हत्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

चाचांनी एक पुंगळी उचलली आणि, आम्ही कधी पाहिलं नव्हतं असं, ती नाकाशी नेली.

"साहेब, पावसाळाभर हे कुठं व्हतं?"

"माझ्या गोदामात, कुलपात. परवान्याचा माल, रस्त्यावर ठेवू काय?"

"गोदामात आनि काय काय हाय?"

"शेतीचं काय असतंय ते. अवजारं, युरियाची पोती. का?"

चाचांनी ऐरणीवर टिचकी मारली. नेहमी 'टिण्ण' असा लांबणारा आवाज 'टक्' करून जागीच मेला. दुसरी, तिसरी, चौथी. मग त्यांनी मला बोलावून भिंग माझ्या हातात दिलं. पुंगळीच्या अंगावर उभ्या, केसापेक्षा बारीक रेषा होत्या. त्यांनी पकड घेतली आणि तोंड हलकेच दाबलं. चांगली पुंगळी अशा वेळी नुसती चपटते. हिचा भाजक्या पापडासारखा तुकडा पडला.

"एक फुटली म्हणून पाचशे वाईट?" आप्पासाहेबांचा आवाज चढला.

चाचांनी सगळ्या पेट्यांच्या वेगवेगळ्या थरांतून मिळून दहा काढल्या. सात फुटल्या.

डॉक्टर घाम पुसायला लागले. आप्पासाहेबांचा चेहरा लाल झाला होता. पन्नास लोकांसमोर नारळ फोडून दिलेली भेट होती ती. "दस्तगीर," ते म्हणाले, "क्लबाची चावी तुला दिली ती मला विचारून दिली. विसरू नको."

चाचांनी कोटाच्या आतल्या खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"ही चावी. पर ह्या पुंगळीत माझ्या हातानं दारू जाणार न्हाय. ही बाई उडवणार, डॉक्टर उडवणार, तुमी बी उडवणार. फुटली तर जाळ मागं येतोय, साहेब. डोळ्यावर." एवढं बोलून त्यांनी अंथरलेला धोतराचा तुकडा झटकला, त्याची घडी घातली आणि ते सायकलवरून निघून गेले.

तो आठवडा फार वाईट गेला. स्पर्धा तोंडावर आणि शेडला चाचा नाहीत. मी बुधवारी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. चाची दारातच म्हणाल्या, "समजवा ह्यांना. मोठ्या माणसाशी वैर बरं न्हाय." चाचा शेजारणीचा स्टोव्ह उघडून बसले होते, चेहऱ्यावर काळजीचा मागमूस नाही.

"चाचा, तुम्हाला नुसत्या वासावरून कसं कळलं?"

"माझ्या बापावर आलतं हे. दरबारच्या पागंला लागून हत्यारखान्याची एक खोली व्हती. एका पावसाळ्यात तितली निम्मी काडतुसं आपोआप चिरली. बापावर आळ आला, की यानं आपटली. मग एका जुन्या सुभेदारानं सांगितलं, घोड्याच्या मुताचा वास दमट हवंत पितळंला लागला की पितळ आतनं तडकतंय. युरिया बी त्यातलाच की! नाव तेवढं इंग्रजी." मग स्टोव्हची पिन पुसत म्हणाले, "बाप सुटला. पर चार म्हैनं तो घरात मान वर करून जेवला न्हाय. तवापासनं पावसाळ्यात पडून ऱ्हायल्याला माल आला की मी आधी वास घेतोय."

"आणि चावीचं काय?"

"चावी गेली. कान हायत की अजून."

पुढच्या रविवारी आम्ही शेडवर जमलो तेव्हा आप्पासाहेबांची जीप आधीच उभी होती. ते खुर्चीत बसले होते, समोर टेबलावर पकड आणि एक पिशवी. डॉक्टरांना म्हणाले, "दस्तगीरला आणा." डॉक्टर स्कूटरवरून त्यांना घेऊन आले. मला वाटलं, आता पोलिसात वगैरे काही देणार की काय.

आप्पासाहेबांनी पिशवी टेबलावर पालथी केली. पितळेचे तुकडेच तुकडे. "आठवडाभर घरात बसून मी स्वतः दाबून बघितल्या. निम्म्याच्या वर फुटल्या. बायको म्हणाली, हे काय येड लागलं." मग चाचांकडे बघून विचारलं, "नेमकं कशानं झालं रं हे?"

चाचांनी पागेची गोष्ट सांगितली, जशीच्या तशी, एकही शब्द गाळला नाही. आप्पासाहेब डोळे बारीक करून ऐकत होते. गोष्ट संपली. मग त्यांचं पोट हलायला लागलं.

"म्हंजे माझी भेट मुतात गेली म्हण की!" आणि ते असे हसले की माळावरच्या टिटव्या उडाल्या. किल्ली त्यांनी स्वतःच्या हातानं चाचांच्या खिशात घातली. "एवढं करायचं, दस्तगीर. पुढच्या बारीला माझ्या कानात सांगायचं."

"माझा आवाज कानात मावत न्हाय, साहेब," चाचा म्हणाले, आणि ते खरंच होतं.

पुंगळ्यांचा प्रश्न मात्र उरलाच. चाचांनी क्लबाच्या जुन्या, अनेकदा उडवलेल्या पुंगळ्या धोतरावर ओतल्या आणि दोन रविवार बसून त्यांतल्या दीडशे निवडल्या. काळ्या, डागाळलेल्या, दिसायला अगदी दरिद्री. बिस्किटांच्या डब्यात कापसाच्या थरांवर त्या अशा मांडल्या की जणू अंडीच. पुण्यात आमच्या शेजारच्या संघानं तो डबा बघून विचारलं, "हे काय, उत्खननात सापडलं?" आम्ही डब्याचं झाकण लावलं. त्या काळी आमच्या गटात बायकांसाठी वेगळी स्पर्धा नव्हती, मी पुरुषांबरोबरच उभी राहिले. तिसऱ्या फेरीत शेजारच्याचं चकचकीत काडतूस फुसकं निघालं आणि त्याची लय बिघडली. माझी एकही पुंगळी अडली नाही की चिरली नाही. मी चौथी आले.

परत आल्यावर सांगायला गेले तर चाचांनी नंबर विचारलाच नाही.

"किती फुटल्या?"

"एकही नाही."

"अडकल्या?"

"एकही नाही."

"मग जितलो की!"

"चौथा नंबर आला, चाचा."

"नंबर तुमचा," ते म्हणाले. "पुंगळ्या माझ्या. माझ्या पयल्या आल्या."

पुढं तयार काडतुसं जरा सहज मिळायला लागली आणि क्लबात भरण्याचं काम कमी कमी होत गेलं. चाचा कारखान्यातून निवृत्त झाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तरी रविवारी यायचे, भिंग कोटातच ठेवून नुसत्या नखानं आणि कानानं पुंगळ्या निवडायचे. आम्ही त्यांना ऑपरेशनचा आग्रह करायचो, ते टाळायचे. डॉक्टरांचं हत्यार कसं आहे ते आधी बघू द्या म्हणायचे.

आमच्या संस्थेनं मला सांगलीच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून पाठवलं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले. पंधरवड्यापूर्वी जुबेदानं आणि जावयानं त्यांना धरून नेऊन ऑपरेशन करवून घेतलं होतं. बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चष्मा त्यांना परवाच मिळाला होता. मी दारात उभी राहिले तर ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"बाई, तुमचं डोस्कं पांढरं झालंय की वो! मला कुणी सांगितलंच न्हाय."

"सांगून काय करणार होता?"

"काय न्हाय. लई बरं दिसतंय."

चाचींनी चहा केला. थोडं बोलणं झालं. मी निघाले तसे ते मला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत आले. एकटे चालू नका, चाची मागून ओरडत होत्या. मी रिक्षात बसले. मागं वळून पाहिलं तर चाचा माझ्याकडे बघतच नव्हते. भर उन्हात रस्त्याच्या मधोमध उभे राहून, मान वर करून, ते समोरच्या दुकानांच्या पाट्या एकेक करून वाचत होते, मोठमोठ्यानं, पहिलीतल्या पोरासारखं अक्षर अक्षर लावत. एक टांगेवाला त्यांना वळसा घालून गेला तरी त्यांना पत्ता नव्हता. शिंप्याची पाटी झाली, पिठाच्या गिरणीची झाली, मग सायकलवाल्याच्या पाटीपाशी ते अडले. चष्मा नाकावर सरकवला, पुन्हा वाचलं, आणि रिक्षा वळता वळता त्यांची हाक माझ्या कानावर आली:

"ए सायकलवाल्या! अरं, दुरुस्तीच चुकवलीस की रं! पयला उकार ऱ्हस्व पायजे!"